कॉलेज सांभाळून ऑनलाइन काम: वेळ खरंच आपल्या हातात राहील असं काय?

अर्धवट_टिपण

नमस्कार मंडळी. संख्याशास्त्रात पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आठवड्याला १८ तास वर्ग आणि ४ तास प्रॅक्टिकल. वेळापत्रक दर सत्राला नवं, आणि प्रॅक्टिकलची बॅच तर सत्राच्या मध्येही बदलते. त्यामुळे ‘रोज संध्याकाळी ६ ते १०’ छापाचं काम जमणार नाही.

हाताशी काय आहे ते सांगते: ८ जीबी रॅमचा लॅपटॉप, बरं इंटरनेट, मराठी-हिंदी-इंग्रजी नीट लिहिता येतं, एक्सेल चांगलं, आर आणि पायथन या प्रोग्रॅमिंग भाषा कामापुरत्या.

प्रश्न असे. कोणत्या कामात वेळ खरोखर आपल्या हातात राहतो? आठवड्याला किती तास झेपतात? पहिलं काम कुठून मिळवायचं? आणि फसवणूक ओळखायची कशी? ‘फ्लेक्झिबल’ न लिहिलेली जाहिरातच दिसत नाही, म्हणून त्या शब्दावरचा विश्वास उडालाय.

व्यनि (व्यक्तिगत निरोप) नको, धाग्यावरच लिहा. बाकीच्यांनाही उपयोग होईल.

तळटीप

त्या एका शब्दाखाली तीन निरनिराळी कामं खपवली जातात. ती आधी वेगळी करा.

पहिला प्रकार: शिफ्ट तुम्ही निवडायची, पण एकदा निवडली की पाळायचीच. चॅटवरचा ग्राहक-सहाय्य विभाग, ऑनलाइन शिकवणी ही यातली. दुसरा प्रकार: आठवड्याचे तास ठरलेले, कधी बसायचं ते तुमचं. डेटा लेबलिंग (चित्रं, वाक्यं बघून त्यांना ठरलेली लेबलं लावणं), संशोधन सहाय्यकाचं बरंचसं काम यात येतं. तिसरा: फक्त मुदत ठरलेली. भाषांतर, लिप्यंकन म्हणजे ट्रान्स्क्रिप्शन, डेटा सफाई, एखादी छोटी स्क्रिप्ट. तुमची बॅच सत्राच्या मध्येच बदलते म्हणताय, तर पहिला प्रकार सोडून द्या. महिन्याभरात दोन शिफ्ट बुडाल्या की तुमचं रेटिंग घसरतं, आणि रेटिंग घसरलं की चांगल्या वेळा दुसऱ्यांना जातात.

जाहिरातीत प्रकार लिहिलेला नसतो, तो काढून घ्यावा लागतो. मुलाखतीत तीन गोष्टी विचारा. मेसेजला किती वेळात उत्तर अपेक्षित आहे? आठवड्यात ठरावीक वेळेच्या मीटिंग किती? एखाद्या आठवड्यात शून्य तास काम केलं तर चालेल का, आणि ते किती दिवस आधी सांगावं लागेल? यातला पहिला प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. काम ‘कधीही करा’, पण मेसेजचं उत्तर १५ मिनिटांत हवं, असं असेल तर तुम्ही दिवसभर बांधलेल्या आहात, पैसे मात्र तीन तासांचेच. उत्तराला २४ तास देणारं काम विद्यार्थ्याच्या कामाचं. चार तासही चालतील, कारण सलग चार तासांहून लांब वर्ग सहसा नसतो.

आता तास. आठवड्याचे १६८. झोप ५६. वर्ग आणि प्रॅक्टिकल २२. स्वतःचा अभ्यास संख्याशास्त्राला निदान ३० धरा. जेवण, आंघोळ, येणंजाणं, कपडे, किराणा मिळून रोजचे ४ म्हणजे २८. बेरीज १३६, उरले ३२. हे ३२ बघून कोणी २५ तासांचं काम घेतं आणि सहाव्या आठवड्यात कोलमडतं, कारण आजारपण, मित्रमैत्रिणी, काहीच न करणं यांना जागा शून्य. उरलेल्यातला साधारण तिसरा हिस्साच कामाला द्या. तुमच्या बाबतीत १० ते १२ तास, बस्स. त्यातही दोन-तीन तास अर्ज, ईमेल आणि बिल बनवण्यात जातात. ते तास कुणी मोजून देत नाही.

तासांचे तुकडेही बघून पाडा. वर्गांच्या मधल्या ४० मिनिटांत काम होत नाही. फाइल उघडून कालचं आठवेपर्यंत १५ मिनिटं गेलेली असतात. त्या फटीत ईमेल उरका. खऱ्या कामाला दीड ते तीन तासांच्या सलग बैठका लागतात, आठवड्यात अशा चार-पाच.

खर्डेघाशी

तळटीप यांच्याशी सहमत. लिप्यंकन, सबटायटल आणि भाषांतर हे प्रांत घेतो. नव्या माणसाची इथे फसगत होते ती चोरांमुळे कमी, गणितामुळे जास्त.

लिप्यंकनाचा दर ऑडिओच्या मिनिटावर असतो, तुमच्या मिनिटावर नाही. स्वच्छ आवाजाची, एकच माणूस बोलतोय अशी एक तासाची फाइल सरावलेल्या माणसाला साधारण चार तास घेते. नव्याला सहा ते आठ. चार जण एकमेकांच्या बोलण्यात घुसत असतील तर त्याहून जास्त. म्हणजे ऑडिओ-तासाला १०० (चलन कुठलंही धरा) मिळणार असतील, तर सुरुवातीला तुमचा खरा तासाचा दर १३ ते १७ पडतो. जाहिरातीतला आकडा आधी ६ ने भागा, मग ठरवा.

फाइल घेण्याआधी मधली दोन मिनिटं ऐका. सुरुवातीची नव्हे. सुरुवातीला सगळेच माइकजवळ बसून सावकाश ओळख करून देतात. विसाव्या मिनिटाला खुर्च्या सरकतात, पंखा लागतो, चहा येतो. ओट्रान्स्क्राइब हे फुकट साधन ब्राउझरमध्ये चालतं. एस्केपने थांबवा-चालवा, कंट्रोल आणि जे दाबून वेळेची खूण टाका, हात कीबोर्डवरून उचलायचा नाही. माउसने प्लेअर थांबवणारा माणूस कधीच वेग पकडत नाही.

आजकाल बरंचसं काम ‘मशीनने काढलेला मसुदा तपासा’ असं येतं, आणि दर निम्म्याहून कमी सांगतात. मसुदा चांगला असेल तर परवडतं. मराठी फाइलीत मशीन कुठे घसरतं ते ठाऊक असलं की निकाल दोन मिनिटांत लागतो: विशेषनामं, ‘पंधरा’चं ‘पन्नास’, नकारार्थी वाक्यातला गळालेला ‘नाही’, आणि बोलणारा मध्येच इंग्रजीत शिरला की त्यापुढचं वाक्यच नाहीसं. मसुद्याच्या एका पानावर १५ हून जास्त दुरुस्त्या निघाल्या तर कोऱ्या पानापासून टाइप करणं लवकर होतं. तेव्हा पूर्ण दर मागायचा, नाहीतर फाइल परत.

सबटायटलचं बरं असतं, कारण नियम लेखी मिळतात. इंग्रजीसाठी सर्रास चालणारे आकडे: ओळीला ४२ अक्षरं, एका वेळी जास्तीत जास्त दोन ओळी, पडद्यावर कमीत कमी पाच-षष्ठांश सेकंद आणि जास्तीत जास्त ७ सेकंद. सबटायटल एडिट या फुकट साधनात हे आकडे भरून ठेवा, नियम मोडला की ते खुणावतं. एसआरटी या सबटायटलच्या फाइलीत मिलिसेकंदांआधी स्वल्पविराम असतो, टिंब नव्हे. हाताने वेळ भरणारे हमखास टिंब देतात आणि मग काही प्लेअर ती फाइलच घेत नाहीत. फाइल यूटीएफ-८ या अक्षर-सांकेतिकीत (एन्कोडिंगमध्ये) जतन करा, नाहीतर समोरच्याला देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग दिसेल.

भाषांतरात शब्द मूळ मजकुराचे मोजायचे की भाषांतराचे, हे कामाआधी लेखी ठरवा. मराठीत विभक्तीप्रत्यय शब्दाला चिकटतात, त्यामुळे इंग्रजीतले हजार शब्द मराठीत बरेच कमी भरतात. भाषांतराचे शब्द मोजले की तुमचं तेवढं नुकसान. पूर्ण वेळ करणारे अनुभवी लोक दिवसाला दोन-अडीच हजार शब्द करतात. तुम्ही तीन तासांच्या बैठकीला ५०० धरा, त्यातला शेवटचा अर्धा तास फक्त परत वाचायला.

शून्यप्रहर

खर्डेघाशींचा तपशील चोख आहे, पण या धाग्यावर तो सल्ला चुकीच्या माणसाला जातोय असं माझं मत. ज्याला आर येतं त्याने लिप्यंकन कशाला करावं? त्या कामाचा दर मशीनमुळे खालीच चाललाय. संख्याशास्त्राची विद्यार्थिनी डेटा सफाई विकू शकते. तिथे मुदत असते, शिफ्ट नसते, आणि केलेलं काम पुढे बायोडेटात शोभतं.

काम कसलं असतं ते जरा जवळून दाखवतो. कोणाकडे सर्वेक्षणाच्या ३,००० ओळी आहेत, पाच जणांनी भरलेल्या. ०३/०४ ही तारीख दोघांनी ३ एप्रिल म्हणून लिहिली, एकाने ४ मार्च म्हणून. फोन क्रमांकांच्या सुरुवातीचं शून्य एक्सेलने खाल्लंय. १६ आकडी ओळख क्रमांकांचा शेवटचा आकडा सगळीकडे शून्य आहे, कारण एक्सेल १५ अंकांपुढचं ठेवतच नाही. ते मूळ फाइलीतून परत आणावं लागतं, दुरुस्त होत नाही. म्हणून सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी स्तंभ वेगळे केलेली साधी मजकूर-फाइल, डबल-क्लिक करून उघडायची नाही. डेटा टॅबमधून आयात करायची आणि असे स्तंभ आधीच ‘टेक्स्ट’ ठरवायचे.

मराठी डेटात आणखी एक मजा. ‘दुसऱ्या’ हा शब्द दोन तऱ्हांनी साठवला जातो: एकात ऱ हे वेगळं अक्षर असतं, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखे, संगणकाला दोन वेगळे शब्द. ‘ॲप’चंही तेच: एक ॲ आख्खा, एक अ वर चंद्र चढवलेला. युनिकोडचं (संगणकात अक्षरं साठवण्याच्या पद्धतीचं) नेहमीचं एनएफसी सामान्यीकरण, म्हणजे एकाच अक्षराची निरनिराळी रूपं एकसारखी करण्याची रीत, यांना एक करत नाही. बदलाचे नियम हाताने लिहावे लागतात. गटवारी केल्यावर एकच उत्तर दोन ओळींत विभागलेलं दिसलं तर आधी हे तपासा. परदेशी फ्रीलान्सरला हे सापडत नाही. तुम्हाला सापडेल, आणि पैसे त्याचेच आहेत.

काम करायची रीत: मूळ फाइल ‘फक्त वाचण्यासाठी’ करून बाजूला. सगळे बदल स्क्रिप्टमधून, हाताने एकही घर बदलायचं नाही. बदलांची यादी वेगळ्या फाइलीत: कुठला स्तंभ, किती ओळी, काय नियम लावला. शंका असलेल्या ओळी काढून टाकायच्या नाहीत, एक जादा स्तंभ करून खूण करायची. ग्राहकाला तीन फाइली जातात: स्वच्छ डेटा, यादी, स्क्रिप्ट. दिल्यावर ओळींची संख्या आधी किती आणि नंतर किती हे ईमेलमध्ये लिहाच. २०२० मध्ये २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबरच्या दरम्यान इंग्लंडमध्ये कोविडच्या १५,८४१ नोंदी अहवालातून गळल्या, कारण मधल्या टप्प्यात एक्सेलच्या जुन्या एक्सएलएस फाइली वापरल्या होत्या आणि त्यात ६५,५३६ ओळींपुढे जागाच नसते. आधी-नंतरची ओळसंख्या जुळवली असती तर पहिल्याच दिवशी कळलं असतं.

पहिलं काम जाहिरातीत शोधू नका, विद्यापीठात शोधा. पीएचडी करणाऱ्यांकडे, समाजशास्त्र, शिक्षणशास्त्र, सार्वजनिक आरोग्य अशा विभागांत प्रश्नावल्यांचे ढीग असतात आणि ते साफ करायला कोणी नसतं. प्राध्यापकांच्या प्रकल्पाला निधी असेल तर विद्यार्थी सहाय्यकाची तरतूद बहुधा त्यातच असते. आणि मुख्य म्हणजे, परीक्षा कधी आहे ते या ग्राहकाला सांगावं लागत नाही.

नमुना म्हणून एखाद्या सरकारच्या खुल्या डेटातली अस्ताव्यस्त फाइल घ्या, साफ करा, आधी आणि नंतर असं एक पान बनवा. तीन नमुने पुरेत. ‘मला आर येतं’ असं लिहिलेले अर्ज शेकड्यांनी पडलेले असतात.

खर्डेघाशी

@शून्यप्रहर, मान्य, त्यांच्यासाठी डेटाच बरा. पण धागा वाचणारा प्रत्येक जण संख्याशास्त्राचा नाही, म्हणून लिहिलं. आणि एक सावधगिरी: डेटा सफाईत काम किती निघेल ते आधी कळत नाही. ‘३,००० ओळी’ ऐकून एकरकमी भाव सांगितला आणि आत १२ निरनिराळे साचे निघाले तर तासाचा दर लिप्यंकनाच्याही खाली जातो. आधी २०० ओळी मागवा, घड्याळ लावून साफ करा, मग भाव सांगा. त्या २०० ओळींचेही पैसे लावा. चाचणीचं काम अर्ध्या तासापर्यंत फुकट चालेल, त्यापुढे नाही.

बिनचूक

फसवणुकीबद्दल.

काम देणारा तुमच्याकडे पैसे मागत नाही. नोंदणी, प्रशिक्षण, ‘परत मिळणारी’ अनामत, ओळखपत्राचा खर्च, काहीही नाव असो. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. लोक सापडतात ते पुढच्यांत.

टेलिग्राम किंवा व्हॉट्सॲपवर ‘व्हिडिओला लाइक करा’, ‘हॉटेलला रेटिंग द्या’. पहिले काही दिवस खरंच थोडे पैसे येतात, विश्वास बसावा म्हणून. मग ‘मोठा टास्क’ येतो, त्यासाठी आधी तुम्ही रक्कम भरायची; खात्यात नफा दिसतो पण काढता येत नाही, काढायला आणखी रक्कम. आलेले पहिले पैसे हे आमिष होतं.

डेटा एंट्रीचा ‘करार’: अमुक पानं अमुक दिवसांत, अचूकता ९८ टक्के किंवा त्याहून जास्त, नाहीतर भरपाई. पानं अस्पष्ट स्कॅन केलेली असतात, तपासणारे तेच, त्यामुळे तुम्ही नापास होणारच. मग वकिलाच्या नावाची धमकीची ईमेल येते. अशा ईमेलने घाबरून पैसे भरू नका. भरलेत की मागणी थांबत नाही, वाढते. करार, ईमेल, सगळं जपून पोलिसांच्या सायबर विभागाकडे तक्रार करा.

‘तुमच्या बँक खात्यात पैसे येतील, कमिशन ठेवून पुढे पाठवा.’ याला नोकरी म्हणत नाहीत. हे चोरीच्या पैशाच्या वाहतुकीचं काम आहे आणि खातं तुमच्या नावावर असल्याने पहिला प्रश्न तुम्हालाच विचारला जातो. ‘तुमचं फ्रीलान्सिंग खातं महिन्याला भाड्याने द्या’ हाही त्याच घरातला प्रकार. खातं कायमचं बंद होतं, आणि तुमच्या ओळखपत्रावर दुसरं निघत नाही.

कोडिंग येणाऱ्यांसाठी वेगळं: मुलाखतीआधी ‘हा प्रकल्प डाउनलोड करून चालवून बघा’ म्हणून कोड पाठवतात. चालवला की ब्राउझरमधले पासवर्ड जातात. अनोळखी कोड व्हर्च्युअल मशीनमध्येच, म्हणजे लॅपटॉपमधल्या वेगळ्या आभासी संगणकातच, चालवा. ८ जीबी रॅमवर ते जड जाईल, तर ब्राउझरमधल्या ऑनलाइन वातावरणात चालवा. स्वतःच्या लॅपटॉपवर नको.

आणि दुसऱ्याचे असाइनमेंट लिहून देण्याचं काम. पैसे बरे देतात, म्हणून विद्यार्थी वळतात. ऑस्ट्रेलियात २०२० पासून आणि इंग्लंडमध्ये २०२२ पासून अशी सेवा व्यवसाय म्हणून देणं गुन्हा आहे. जिथे नाही तिथेही विद्यापीठाच्या नियमात बसत नाही, आणि ग्राहकाचं पैशावरून बिनसलं की तो तुमचं नाव तुमच्याच विद्यापीठाला कळवायची धमकी देतो.

अर्धवट_टिपण

सगळ्यांचे आभार, एवढं नीट कुणी सांगितलं नव्हतं. दोन गोष्टी अजून. अपवर्क, फायवर या फ्रीलान्स कामांच्या साइटवर खातं उघडावं का? आणि एक मैत्रीण परदेशात शिकते आहे, तिला हेच सगळं लागू होतं का?

तळटीप

मैत्रिणीला थांबवा, तिचा प्रश्न आधी.

विद्यार्थी व्हिसावर ‘ऑनलाइन आहे, कोणाला कळतंय’ हा तर्क महागात पडतो. ब्रिटनमध्ये पदवीच्या विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला २० तास नोकरी करता येते, पण स्वयंरोजगार अजिबात नाही. म्हणजे फायवरवरचं एक तासाचं कामही नियमाबाहेर. अमेरिकेत एफ-१ व्हिसावर आवाराबाहेरच्या कामाला वेगळी परवानगी लागते; आवारातली नोकरी सत्रात २० तासांपर्यंत. ऑस्ट्रेलियात जुलै २०२३ पासून पंधरवड्याला ४८ तास, कॅनडात नोव्हेंबर २०२४ पासून आवाराबाहेर आठवड्याला २४, जर्मनीत मार्च २०२४ पासून वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस, आणि स्वयंरोजगाराला तिथेही वेगळी परवानगी. या आकड्यांत बदल होत राहतात, तेव्हा तिने काम घेण्याआधी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला ईमेल करून लेखी उत्तर घ्यावं. तोंडी नको. शिष्यवृत्ती असेल तर तिच्या अटीही वाचाव्यात, काहींत कमाईवर मर्यादा असते.

आता तुमचं. खातं उघडा, पण पहिलं काम तिथून येईल या आशेवर बसू नका. फायवर विक्रेत्याकडून २० टक्के कापतं. काम पूर्ण झाल्यावर पैसे नव्या विक्रेत्याला १४ दिवसांनी काढता येतात. अपवर्कवर शुल्क करार स्वीकारण्याआधी दिसतं, ते बघून भाव सांगा. शिवाय अर्ज करायलाच ‘कनेक्ट्स’ नावाची तिथली टोकनं खर्च होतात, त्यामुळे दिसेल तिथे अर्ज टाकणं म्हणजे खिशातून पैसे टाकणं. ज्या कामाला आधीच ५० अर्ज गेलेत तिथे जाऊ नका. ताशी कामाचा आठवडा सोमवार ते रविवार, पैसे आठवडा संपल्यावर १० दिवसांनी. ताशी कामाला पैशाचं संरक्षण हवं असेल तर त्यांचा डेस्कटॉप ट्रॅकर चालू ठेवूनच काम करावं लागतं. तो अधूनमधून पडद्याचं चित्र घेतो. हाताने भरलेल्या तासांना ते संरक्षण नाही. ठरावीक रकमेच्या कामात रक्कम आधी एस्क्रोमध्ये, म्हणजे काम होईपर्यंत साइटने राखून ठेवायच्या खात्यात, जमा झाली का ते बघा, मगच फाइल उघडा. ‘सुरू करा, संध्याकाळी भरतो’ याला ‘भरल्यावर सुरू करते’ एवढंच उत्तर.

हे दिवस मोजले तर लक्षात येईल: महिन्याच्या ५ तारखेला शुल्क भरायचं असेल तर काम आधीच्या महिन्याच्या मध्याला संपलेलं हवं. बँकेचे दोन-चार दिवस वेगळे.

खातं विद्यापीठाच्या ईमेलवर उघडू नका. पदवी मिळाली की तो पत्ता बंद होऊ शकतो, आणि त्याबरोबर रेटिंगही अडकतं.

चौथा_बाक

एक कोणी बोललं नाही: सॉफ्टवेअरचे परवाने. विद्यार्थी म्हणून फुकट मिळालेलं ऑटोडेस्क किंवा जेटब्रेन्स या कंपन्यांचं सॉफ्टवेअर पैशाच्या कामाला वापरता येत नाही, ते फक्त शिकण्यासाठी असतं. विद्यापीठाच्या परवान्यावरचं बाकीचं सॉफ्टवेअरही तपासा. आर, पायथन, लिब्रेऑफिस, ब्लेंडर, इंकस्केप यांना ही अडचण नाही. विद्यापीठाच्या नेटवर्कवर व्यावसायिक काम चालतं का तेही नियमावलीत एकदा बघा.

मीटिंगबद्दल दुसरं. ग्राहक अमेरिकेत किंवा युरोपात असेल तर वेळ यूटीसीमध्येही, म्हणजे कधी न बदलणाऱ्या जागतिक प्रमाणवेळेतही, लिहून घ्या. अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे करते, युरोप मार्चच्या शेवटच्या; परत येताना युरोप ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, अमेरिका नोव्हेंबरच्या पहिल्या. तुमच्याकडे घड्याळ बदलत नसेल तर वर्गाच्या आधी संपणारी मीटिंग एका रविवारनंतर थेट वर्गात येऊन बसते. हे सगळं नेमकं सत्र परीक्षांच्या आसपास होतं.

व्हिडिओ कॉल मोबाइल डेटावर घेणार असाल तर ७२० पिक्सेलच्या दुतर्फा कॉलला दर तासाला साधारण १ जीबी धरा. कॅमेरा बंद केला की त्याचा छोटासा अंश.

अर्धवट_टिपण

शेवटचा प्रश्न. परीक्षेबद्दल ग्राहकाला कधी आणि कसं सांगायचं? ‘विद्यार्थिनी आहे’ म्हटलं की भाव पाडतात असं ऐकलंय.

शून्यप्रहर

भाव ठरल्यावर सांगायचं, काम सुरू होण्याआधी. विद्यार्थिनी आहात हे सांगायची गरज नाही, उपलब्धता सांगायची. कारण विचारत नाहीत, तारखा विचारतात. असं काहीसं पाठवा:

‘नमस्कार. २०० ओळींच्या नमुन्याला १ तास ४० मिनिटं लागली. तपशील सोबत जोडला आहे. त्या हिशेबाने ३,००० ओळींना २५ तास लागतील. मी आठवड्याला १० तास देते, म्हणजे अडीच आठवडे. तपासणीसाठी तीन दिवस धरून पहिला अर्धा भाग ९ तारखेला आणि उरलेला २१ तारखेला देईन. पहिल्या भागाचे पैसे तो मिळाल्यावर, उरलेले शेवटी. ईमेलला २४ तासांत उत्तर देते. पुढच्या महिन्याच्या ४ ते १८ तारखेपर्यंत मी उपलब्ध नाही. त्या काळात दुरुस्ती लागली तर १९ तारखेला हाती घेईन. हे चालणार असेल तर उत्तरात ‘मान्य’ एवढं लिहा, मी लगेच सुरू करते.’

शेवटचं वाक्य गाळू नका. ते ‘मान्य’ लेखी आलं की तोच करार. आणि परीक्षेच्या तारखा जाहीर झाल्या नसतील तर मागच्या वर्षीच्या घ्या, दोन्ही बाजूंना एकेक आठवडा वाढवून.

खर्डेघाशी

+१. फक्त ९ आणि २१ या तारखा सोमवारी येत नाहीत ना ते बघून घ्या. सोमवारची मुदत म्हणजे रविवार गेला.